मांडीवर जाताना, खुर्चीत येताना

नागपूरच्या नंदनवनातून विमानतळाकडे निघालो तेव्हा माझ्या ताब्यात एक पोरगी, एक सासू आणि फुगलेल्या बॅगा होत्या. यांपैकी जास्त ताप कोण देणार, याचा माझा अंदाज साफ चुकला. पिहू दोन वर्षांची व्हायला आठवडा उरला होता. तिचे बाबा नोकरीपायी बंगळूरला असतात, म्हणून वाढदिवस तिकडेच करायचा ठरला. सासूबाई नागपूरजवळच्या कुहीच्या. धानाच्या बांधांवर वाढलेल्या, आणि विमानात पहिल्यांदाच बसत होत्या.

विमानात पिहू माझ्या मांडीवर बसली तशी सासूबाईंनी पिशवीतून ओढणी काढली. आमच्याकडे लेकराला स्कुटीवर न्यायचं तर ओढणीने पोटाशी बांधतात. सीताबर्डीच्या गर्दीतून पिहू अशीच फिरलेली आहे.

"तशीच बांध वं, सुटली-बिटली तर?" सासूबाई म्हणाल्या.

मलाही ते पटलं. ओढणी बांधली आणि वरून माझा पट्टा दोघींना मिळून लावला. आता विमान उलटं झालं तरी पोरगी हलत नाही, अशा तोऱ्यात मी बसले. तेवढ्यात हवाईसुंदरी आली.

"दीदी, ऐसे नहीं. झटका लगा तो आपका पूरा वजन बच्ची पर आएगा."

मी जिला जपत होते, तिलाच चेंगरणार होते. हवाईसुंदरीने ओढणी सोडवली, एक छोटा पट्टा आणला, माझ्या पट्ट्यात ओवला आणि पिहूच्या पोटाभोवती वेगळा लावून दिला.

"एवढीशी फीत काय धरते?" सासूबाईंनी तो दोनदा ओढून पाहिला. त्याने धरलं. मग त्यांनी चिवड्याचा डबा उघडला.

बंगळूरची हवा गार, आणि आम्ही नागपूरच्या मे महिन्यातून गेलेलो. पिहू बाबांच्या खांद्यावरून उतरायलाच तयार नव्हती. वाढदिवसाला सकाळी हॉटेलात तट्टे इडली (ताटलीएवढी पसरट इडली) खाल्ली. "चव आहे, पण तिखट कुठं आहे?" म्हणत सासूबाईंनी चटणीत घरून आणलेलं तिखट कालवलं. शेजारच्या टेबलावरचे अण्णा बघतच राहिले. त्यांनी हाताने खुणावून चिमूटभर मागितलं आणि डोळे पुसत हसले.

परतीच्या वेळी मात्र नियम बदलला होता. दोन वर्षं पूर्ण झाली की मांडी बंद. वेगळी खुर्ची, वेगळा पट्टा. खिडकीशी पिहू, मधे मी, कडेला सासूबाई.

"एवढ्याशा लेकराले एकटीले बसवतेत का कोणी?" सासूबाई कुरकुरल्या.

पिहूचंही तेच मत होतं. पट्टा जवळ नेला की ती रडत धनुष्यासारखं अंग ताणायची आणि खाली सरकायची. मागून कोणीतरी चुकचुकलं. हवाईसुंदरीने सांगितलं, बच्ची बांधल्याशिवाय विमान हलणार नाही. घामाने माझी मान भिजली. मांडीवर घेतली असती तर क्षणात गप्प झाली असती, हे मला ठाऊक होतं.

तेवढ्यात पिहू रडायची थांबली. माझ्या मांडीवरून ओणवी होऊन तिने सासूबाईंचा पदर उचलला. "आजी पट्टा नाई!"

खरंच, बाईंनी पदराखाली पट्टा उघडाच ठेवला होता.

"मले कचते वं तो," त्या ओशाळून म्हणाल्या. मग पिहूकडे वळल्या. "बरं, तूच लाव मले."

पिहूने दोन्ही हातांनी दाबून खटका लावला. आवाज आला तशी खुलली. मग आपल्या खुर्चीत बसून पोट पुढे केलं. मी तिचा पट्टा लावला, घट्ट केला, आणि आम्ही निघालो.

नागपूर जवळ आलं तशी खाली उन्हाने करपलेली जमीन दिसू लागली. सासूबाई "आमचं कुही दिसते का?" म्हणून माझ्या अंगावरून वाकल्या. दुपारच्या तापल्या हवेत विमान जोरात आपटलं. पुन्हा आपटलं. पिहूने दोन्ही हात वर केले.

"आई, घे."

ती जन्मल्यापासून ते हात वर झाले आणि मी घेतलं नाही, असं कधी झालं नव्हतं. हातातली पोळी तव्यावर टाकून घेतलंय, ताप असताना घेतलंय.

"नाही पिहू. आता नाही."

"घे ना!" तिचे ओठ थरथरत होते.

मी तिच्या पोटावर, पट्ट्यावर, हात ठेवला आणि तो तिथेच दाबून धरला. सासूबाईंनी माझा दुसरा हात धरला. पिहू रडत राहिली, माझ्याकडे बघत राहिली, आणि मी तिला घेतलं नाही. मुलाला उचलून घेणं सोपं असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

चाकं टेकली. विमान थांबलं, पट्ट्याची खूण विझली. मी तिचा खटका सोडला आणि हात पुढे केले. पिहूने आधी माझ्या गालावर सणसणीत चापट मारली. मग मानेला मिठी घातली.

"बरोबर मारलं बाई तुले," सासूबाई डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या.

बॅगा येईपर्यंत ती माझ्या कडेवरून उतरली नाही, आणि मीही तिला उतरवलं नाही. बॅगा सासूबाईंनी ओढल्या.