मिस्टर जे. सई

सुनंदा अजूनही हसत कबूल करते की सईबाईला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं, बाईला हिवताप भरलाय. वाटणारच हो! सत्तावन्न सालचा मद्रासचा एप्रिल, पंख्याखाली बसून पाठीला घाम, आणि एग्मोरच्या मुलींच्या शाळेतली ही भूगोलाची बाई जाड लोकरी स्वेटर घालून वह्या तपासतेय! सुनंदा साताऱ्याची, शिवणाची नवी शिक्षिका. धावत जाऊन सुंठीचा काढा घेऊन आली.

सईबाई सगळा प्यायली आणि म्हणाली, "छान झालाय. पण ताप नाही ओ. दक्षिण ध्रुवावर जायचंय, अंगाला सवय लावतेय."

आता ताप डोक्यात गेला, असं सुनंदाला वाटलं.

पण होतं खरंच. त्या साली जगभरचे शास्त्रज्ञ ध्रुवाकडे निघालेले, आणि एका परदेशी मोहिमेला दोन-तीन भूगोलाचे शिक्षक हवे होते. सईबाई बारा वर्षं शाळेच्या गच्चीवर चढून रोजचं तापमान टिपायची. ते तक्ते जोडून तिनं अर्ज धाडला. ही तंजावरची मराठी माणसं. बापाच्या नावाचं अक्षर पुढे, मग आपलं नाव. बाप जनकोजी, म्हणून लेक 'जे. सई'. कुमारी नाही, श्रीमती नाही. निवडीचं पत्र आलं ते 'मिस्टर जे. सई' यांना! सोबत फोटो मागितलेला.

बाईनं पाठवला. काठाची साडी, गजरा, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या.

"अगं बाई, निदान भावाचा कोट तरी चढवायचास!" सुनंदा म्हणाली.

"कशाला? त्यांनी तक्ते बघून निवडलंय, मिशा बघून नाही."

सात आठवड्यांनी दोन ओळी आल्या. जहाजावर बायकांची सोय नाही. सईबाईनं तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. वय त्रेचाळीस. बायकांना नेणारं जहाज निघेल तोवर हिचे गुडघे जिना चढू देतील का, कुणास ठाऊक. नोव्हेंबरात जहाज सुटलं. त्या दिवसापासून ती गच्चीवर जायची बंद झाली. सुनंदानं एकदा हळूच विचारलं, तर म्हणाली, "कुणाला हवंय गं मद्रासचं तापमान?" यावर सुनंदाकडेही काढा नव्हता.

मग एके दिवशी कारकून राममूर्तीनं दोघींना व्हरांड्यात गाठलं. "टीचरम्मा, वर्षभराची रजा मागितलीत. आता जात नाही, तर रजा रद्द करण्याचा अर्ज द्या. कारणासकट."

"रजा मंजूर केलीत?"

"अजून नाही."

"मग काय रद्द करू? न शिजलेला भात कुणी सांडतं का?"

"पण नियम आहे, अम्मा!"

"दाखवा."

राममूर्तीनं कचेरीतली दोन कपाटं उपसली. नियम काही सापडेना. सईबाई दारात उभी, हलायला तयार नाही. सुनंदानं पदर खेचला, तरी नाही. शेवटी बिचाऱ्यानं जुन्याच अर्जावर लिहिलं, 'रजा दिलेली नाही, रद्द करण्याचा प्रश्न नाही.'

सईबाईनं वाचलं. पुन्हा वाचलं.

"शिक्का?" ती म्हणाली.

त्यानं शिक्का मारला.