फिफीचा उजवा खांदा

गावात फिफी एसुमानला कोणी नावानं हाक मारत नसे. सगळे म्हणत ‘ॲक्सल’. निंबाखालच्या त्याच्या तालमीत ट्रकचा जुना ॲक्सल होता, दोन्ही टोकांना सिमेंटची चाकं ओतलेली, आणि तो मानेमागून डोक्यावर नेणारा त्या किनाऱ्यावर हा एकटाच. शवपेटीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याला उजवा खांदा द्यायचा मानही त्याचाच. माणसाची सगळी पत एका खांद्यावर उभी, आणि नेमका तोच दगा देऊ लागला.

आधी नुसता कट् आवाज यायचा. मग हात वर नेला की आत खोल कळ. उजव्या कुशीवर झोपणं बंद झालं. शेवटी गुपचूप तो जिल्ह्याच्या इस्पितळात गेला. तिथल्या डॉक्टरबाईंनी हात फिरवून पाहिला.

“खांद्याच्या वाटीला कूर्चेची कड असते, लॅब्रम म्हणतात. ती फाटलीय. सहा महिने डोक्यावर काही न्यायचं नाही. ही रबरी पट्टी दाराला बांधून हळूहळू ओढायची.”

“रबर ओढू? मी?”

“मग काय, उरलेली कडही फाडायचीय?”

पट्टी त्यानं घरी पेटाऱ्याच्या तळाशी लपवली. तालमीत कोणी विचारलं तर म्हणे, आज पायांचा दिवस. दुखणं अंगावर काढणं म्हणजे मर्दानगी, अशी या गड्याची पक्की समजूत. असल्या समजुतीची किंमत बहुतेक वेळा दुसराच कोणीतरी मोजतो.

त्याच सुमारास होडीमालक आटो गेला. चाळिशीचा माणूस, संध्याकाळी पोटभर जेवला आणि सकाळी उठलाच नाही. अशा मरणाला आमच्याकडे कारण लागतं. आणि जुनी माणसं सांगतात, मेलेला पेटीतूनही वाट दाखवतो. ज्यानं मारलं त्याच्याकडे वळतो. पाद्री कितीही ओरडोत, पेटी जरा कलली की लोकांचे श्वास अडकतात.

अंगणात मासे धुरवायच्या भट्ट्यांपाशी आटोची बायको एकुवा उभी होती. सहा जणांनी पेटी खांद्यावर घेतली. तोल सावरायला फिफीनं हात वर केला आणि आत कट् झालं. हात लुळा पडला. कोपरा खचला, पेटी झोकांडी खात फिरली आणि तिचं तोंड एकुवाच्या छातीपासून वीतभर अंतरावर थांबलं.

“दाखवलं! माझ्या भावानं दाखवलं!” आटोची बहीण किंचाळली.

तेव्हाच बोलायचं होतं. शब्द फिफीच्या ओठांपर्यंत आलेही. पण तालमीतले सगळे बघत होते. त्यानं डाव्या खांद्यावर भार घेतला, मान खाली घातली आणि चालू लागला.

दुसऱ्या दिवसापासून एकुवाचे मासे कोणी घेईना. सासरच्यांनी तिची चटई बाहेर फेकली. सख्ख्या बहिणीनंही तिच्या हातचं केंके, आंबवलेल्या मक्याचे उंडे, परत पाठवलं. फिफीला हे सगळं कळत होतं. त्याला आरशात तोंड बघवत नव्हतं. तरी आठ दिवस गेले.

आठव्या दिवशी तिला गावाबाहेर काढायला भावकी बसली, तेव्हा तो पुढे झाला.

“आजोबा, पेटी आटोनं नाही वळवली. माझा खांदा गेला होता.”

भावकीतले थोरले क्वामेना आजोबा हसले. “तुझा? अरे, बैल दमेल पण तू नाही. विधवेनं काय खाऊ घातलं रे तुला?”

सगळे खिदळले. फिफीनं जवळची पाण्याची बादली उजव्या हातानं उचलली. ती छातीपर्यंत आली, खांद्यात कट् झालं आणि सगळं पाणी त्याच्याच अंगावर सांडलं. तालमीतलं कोणीतरी फिसकन हसलं. मग ओल्या कपड्यांनी, रडत, त्यानं इस्पितळापासून पट्टीपर्यंत सगळं सांगितलं.

“म्हणजे आटो काही बोललाच नव्हता,” आजोबा म्हणाले. लोक एकेक करून उठले.

एकुवा तेवढी बसून राहिली. फिफी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला.

“मावशी, मला लाज वाटत होती.”

“खांदा फाटला होता ना तुझा?” ती म्हणाली. “जीभ तर धड होती.”