शैलाताई आणि आपोआप बंद पडणारा सर्व्हर

त्या दिवशी चांदवडला आमचं रक्तदान शिबिर होतं. पहिले चार दाते खाटांवर पडले होते आणि त्यांच्या पिशव्यांवर लेबलं नीट लागली आहेत ना, ते मी बघत होते. तेवढ्यात मंजिरीचा फोन आला. मंजिरी म्हणजे शैलाताईंची मुलगी. "मॅडम, आई गेली," एवढंच ती म्हणाली. सायखेड्याच्या घरी सकाळचा चहा घेऊन शैलाताई ओट्यावर बसल्या होत्या, छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. शिबिर अर्ध्यात सोडून निघणं शक्य नव्हतं. मी शेवटच्या दात्यापर्यंत थांबले, काम केलं, लोकांशी बोललेही… काय बोलले ते मात्र आज आठवत नाही. याला आता सहा आठवडे झाले.

नाशिकमधल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या रक्तपेढीची मी प्रमुख. शैलाताई तिथल्या देखभाल विभागात होत्या, म्हणजे दिवे, पंखे, फ्रीज, जनरेटर जे बंद पडेल ते त्यांचं. त्याआधी बरीच वर्षं त्या नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनेलचं वायरिंग करत होत्या. कारखाना बंद पडला आणि त्या आमच्याकडे मुलाखतीला आल्या. हातात आयटीआयचं प्रमाणपत्र, डोक्यावर पदर, आणि समोर आम्ही पाच जण. समितीतल्या एकांनी विचारलं, "बाई, शिडीवर चढाल का?" शैलाताई म्हणाल्या, "चढते की. पण आधी खाली उभं राहून बघते, चढायची गरज हाय का." मला हसू आलं होतं. त्या उत्तराची किंमत मला फार पुढे कळली.

आमच्या रक्तपेढीत एक जुना सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे सगळ्या दात्यांची आणि रुग्णांची माहिती साठवणारा मोठा संगणक. आमचे बाकीचे संगणक त्यालाच जोडलेले. एका उन्हाळ्यात तो आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, मग दिवसातून चार-पाच वेळा. पडदा काळा व्हायचा, पाच मिनिटांनी सगळं परत यायचं, आणि मधे भरलेली नोंद गेलेली असायची. ज्या कंपनीकडे देखभालीचा करार होता, त्यांच्या इंजिनिअरने येऊन पाहिलं आणि मशीनचं वय झालंय, नवीन घ्या, असं लिहून दिलं. नवीन यायला दोन महिने लागणार होते. त्यातच माझ्या लक्षात आलं, की कविता नोंदी भरायला बसली की हमखास हे होतं. कविता आमची तंत्रज्ञ, तेव्हा जेमतेम वर्षभराची नोकरी झालेली. मी तिला सगळ्यांसमोर सुनावलं, "तू नक्की काय दाबतेस तिथे?" दुसऱ्या दिवशी तिचे डोळे सुजलेले होते, तेही मी पाहिलं आणि कामाला लागले.

शैलाताई माझ्याकडे आल्या त्या परवानगी मागायला. "मॅडम, मी एकदा बघू का त्याला?" मी म्हटलं, "शैलाताई, इंजिनिअर बघून गेलाय, आणि हे काही फ्रीजचं काम नाही." त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, "ते बघून गेले, पण बसून नाय बघितलं त्यांनी. त्यांच्यासमोर तो एकदाबी बंद पडला नाय." हे खरं होतं. मी हो म्हटलं. त्यांनी मशीनला हात लावायच्या आधी मला एक प्रश्न विचारला. "ह्याच्यातली कुठली माहिती गेली तर माणूस जाईल?"

इतके दिवस मी 'डेटा' म्हणत होते, अहवाल लिहीत होते, पण हा प्रश्न मला पडला नव्हता. विचार करून दोन गोष्टी सांगितल्या. एक, थॅलेसेमियाच्या मुलांच्या नोंदी. या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त लागतं आणि कोणाला कुठलं रक्त चालत नाही हे त्यातच लिहिलेलं होतं. दुसरी, दुर्मीळ गटाच्या दात्यांची यादी. "याची प्रत दुसरीकडे असंल ना?" त्यांनी विचारलं. प्रत आपोआप निघते असं आम्ही धरून चाललो होतो. पाहिलं तर कित्येक महिन्यांपासून ती निघतच नव्हती. "मग आधी हे बाहेर काढायचं," त्या म्हणाल्या, "दुरुस्ती मागनं." सगळं एकदम काढायला गेलं की मधेच मशीन बंद पडायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. म्हणून त्यांनी थोडं थोडं काढायला लावलं, आधी दुर्मीळ गट, मग एकेका मुलाची फाईल. प्रत्येक तुकडा आला की तो दुसऱ्या संगणकावर उघडून मला वाचायला लावत. संध्याकाळपर्यंत तेवढं सुखरूप बाहेर आलं. त्याचे छापील कागदही त्यांनी काढून घेतले. मी म्हटलं, कागद कशाला? त्या म्हणाल्या, "कागद बंद पडत नाय, मॅडम."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्व्हर भिंतीलगतच्या मांडणीवरून उतरवून खोलीच्या मधोमध टेबलावर घेतला. झाकण काढून आतली धूळ साफ केली, मेमरीच्या पट्ट्या सुट्या केल्या. मशीन असं पूर्ण बंद असतानाच चांदवडच्या एका प्रसूतिगृहातून फोन आला. बाळंतीण, रक्तस्राव थांबत नाही, आणि गट बॉम्बे. हा गट फार क्वचित आढळतो, आणि त्या बाईला दुसऱ्या कुठल्याच गटाचं रक्त चालणार नव्हतं. ते तिला घेऊन नाशिककडे निघाले होते. सर्व्हर समोर उघडा पडलेला. शैलाताईंनी टेबलाच्या कोपऱ्यातला कागद माझ्यापुढे धरला. त्यावर त्या गटाच्या दात्यांची तीन नावं होती. पहिला फोन लागला नाही. दुसरा दाता परगावी. तिसरा अंबडच्या एका कारखान्यात पाळीवर होता. त्याच्या सुपरवायझरने त्याला स्वतःच्या मोटारसायकलवरून आणून सोडलं. ती बाई वाचली. तिचे वडील नंतर पेढे घेऊन आले, तेव्हा मी शैलाताईंना बोलावलं. त्यांनी एक पेढा घेतला, "बाळ कसंय?" विचारलं आणि जनरेटरकडे निघून गेल्या.

सर्व्हरचं दुखणं मात्र तसंच होतं. त्यांचा नियम होता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मशीन पुन्हा मांडणीवर ठेवून मेमरीच्या पट्ट्या एकेक करून काढून पाहिल्या, फरक नाही. वीज कमी-जास्त होत असेल म्हणून बाहेरच्या पॅसेजमधून वेगळी लाईन ओढली, तरी फरक नाही. बंद पडण्याची प्रत्येक वेळ त्या वहीत टिपत होत्या आणि त्या वेळी आजूबाजूला काय चाललं होतं तेही. मग त्यांच्या ध्यानात आलं, की टेबलावर चालू ठेवला तेव्हा तो दिवसभर एकदाही बंद पडला नव्हता. भिंतीलगत नेला की पुन्हा तेच. भिंतीच्या पलीकडे आमचं सेंट्रिफ्यूज होतं, म्हणजे रक्ताच्या पिशव्या गरागरा फिरवून त्यातले घटक वेगळे करणारं भलंमोठं यंत्र. शैलाताईंनी मला बोलावलं आणि मांडणीवर तळहात ठेवायला सांगितला. पलीकडे कविताने यंत्र सुरू केलं. वेग वाढला तशी मांडणी थरथरायला लागली, माझ्या हाताला ते स्पष्ट कळत होतं, आणि पाहता पाहता सर्व्हरचा पडदा काळा झाला.

उरलेलं काम दहा मिनिटांचं होतं. मशीनच्या पुढच्या बाजूला ते पुन्हा सुरू करायचं एक छोटं बटण असतं. त्या बटणाची केसासारखी वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोलली होती. भिंत थरथरली की उघडी तार पत्र्याला टेकायची आणि मशीनला वाटायचं, कोणीतरी बटण दाबलं. शैलाताईंनी तिथे टेप गुंडाळली, वायर आतून वळवून बांधली आणि मांडणी भिंतीपासून हातभर पुढे ओढली. त्यानंतर तो सर्व्हर एकदाही आपोआप बंद पडला नाही. नवीन आला तरी वर्षभर आम्ही तो सोबतीला चालू ठेवला.

झाकण लावल्यावर त्या हात पुसत म्हणाल्या, "मॅडम, ती पोरगी सेंट्रिफ्यूज चालू करायची आणि मग नोंदी भरायला बसायची. म्हणून तिच्यावर आलं. तिला सांगा एकदा… तुम्हीच सांगा." मी कविताला बोलावलं आणि जसं सगळ्यांसमोर बोलले होते, तशीच सगळ्यांसमोर माफी मागितली. प्रमुख झाल्यापासून मी कोणाची माफी मागितली नव्हती. सोपं नव्हतं. आज वाटतं, या रक्तपेढीत मी आजवर जे काही नीट केलं, त्यात हे वरच्या जागी आहे, आणि ते शैलाताईंनी करून घेतलं. कविता आता आमची वरिष्ठ तंत्रज्ञ आहे.

निवृत्तीनंतर त्या सायखेड्याला राहायला गेल्या. दशक्रियेच्या दिवशी मी तिथे गेले, तेव्हा मंजिरीने त्यांची पुढची खोली दाखवली. फळीवर गावातल्या लोकांचे मिक्सर, इस्त्र्या, रेडिओ ओळीने लावलेले, प्रत्येकावर मालकाच्या नावाची चिठ्ठी. सगळं दुरुस्त झालेलं. लोक भेटायला येत होते आणि जाताना आपापली वस्तू हळूच घेऊन जात होते. खाटेवर एक टेबलफॅन तेवढा सुटा पडलेला होता. खाली वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर स्क्रू ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने मांडलेले, आणि प्रत्येकाशेजारी पेनाने जागा लिहिलेली. पंख्याचे मालक, शेजारचे एक म्हातारे, म्हणाले, "राहू दे पोरी, मी तसाच नेतो." मंजिरी बँकेत नोकरी करते, पंख्याला तिने कधी हात लावलेला नव्हता. तरी ती म्हणाली, "थोडे दिवस थांबा, काका."

गेल्या रविवारी तिचा फोन आला. पंखा सुरू झाला होता. मी विचारलं, "काय बिघडलं होतं गं?"

"काहीच नाही, मॅडम," ती म्हणाली. "आईने केलाच होता तो. फक्त जोडायचा राहिला होता."