सुगंधाच्या हातचं कुंकू

जळक्या ऑइलात हात घालून माझा जन्म गेला, त्याची मला कधी किळस वाटली नाही. पण आपण घाण करायची आणि ती दुसऱ्याच्या पदराला पुसायची, हे पाहिलं की मला मळमळतं. पंच्याऐंशी सालच्या दसऱ्याला नाहूरच्या चाळीसमोर जे पाहिलं, ते अजून घशाखाली उतरत नाही.

मी कुंडलिक मिस्त्री. चाळीच्या वळणावर माझं गॅरेज. सुगंधा तिथलीच. तिचा नवरा जयवंत गिरणी बंद पडल्यावर टॅक्सी चालवायला लागला आणि कावीळ होऊन गेला. मागे राहिली ती काळीपिवळी फियाट, सासू रुक्मिणी आणि दीर बाळा. टॅक्सी सुगंधाच्या नावावर, चालवायचा बाळा, आणि त्यावर सगळ्यांची चूल. जयवंत होता तेव्हा सीटची कव्हरं तीच शिवायची, काचाही तीच पुसायची. तो गेल्यावर ब्रेकच्या कामाला गाडी माझ्याकडे आली की ही स्टुलावर बसून राहायची. बोलायची कमी. काम पुरं झाल्याशिवाय मात्र हलायची नाही. अशा बाईला घरात काय किंमत होती, ते त्या दिवशी कळलं.

दसऱ्याला माझं गॅरेज बंद. आम्ही बौद्ध माणसं, तो आमचा दीक्षेचा दिवस. पांढरा सदरा घालून विहाराकडे निघालो होतो, तर चाळीसमोर ही गर्दी. टॅक्सीला झेंडूचे हार, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हळदकुंकू. बाळा आत बसून सेल्फ मारत होता. इंजिन गरागरा फिरत होतं, पकडत मात्र नव्हतं.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"काय होणार? वहिनीने पूजा केली," बाळा म्हणाला. "नको म्हटलं होतं. हात लावला आणि वाट लागली गाडीची. मी असली अपशकुनी गाडी चालवणार नाही. विकून टाकू."

"मी आधीच सांगललंय," रुक्मिणीबाई ओट्यावरून म्हणाल्या. "कपाळ पुसलेल्या बायेचो हात सणाक लागूक नये. गो, आत जा तू."

सुगंधा हातात कुंकवाची वाटी घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. तिथे जमलेल्या एकाही माणसाला त्यात काही वाईट वाटलं नाही. एकाने आणखी एक लिंबू आणायला सांगितलं, दुसऱ्याने नारळ उतरवून टाका म्हटलं. शी. ज्या बाईच्या गाडीवर घर चालतं, तिलाच गाडीसमोरून हाकलायचं, वर गाडीच विकायची. डोक्यात तिडीक गेली माझ्या.

"सेल्फ बंद कर आधी," मी बाळावर ओरडलो. "बॅटरीचं मढं पाडतोस काय?"

बाह्या वर केल्या आणि बॉनेट उघडलं. पेट्रोलचा वास नाकात शिरला, म्हणजे पेट्रोल येत होतं. मग एका प्लगची वायर काढली, तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरलं आणि बाळाला म्हटलं, मार सेल्फ. करंट असता तर ठिणगी उडाली असती. काही नाही. म्हणजे करंटच पोचत नव्हता. आणि इंजिनाच्या कानाकोपऱ्यात पाणी साचलेलं.

"इंजिन कोणी धुतलं?"

शेजारची शकु म्हणाली, "बाळानेच की. सकाळी नळाची पाइप आत सोडली होती. म्हणे गाडीला अभ्यंगस्नान."

घ्या. दसऱ्याला गाडी सगळेच धुतात, पण बाहेरून. या दीडशहाण्याने देव न्हाणावा तसं इंजिन न्हाणलं होतं. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, तर आत थेंब लोंबत होते. करंट तिथूनच प्लगांना वाटला जातो. तिथे पाणी म्हटल्यावर गाडी कशाला सुरू होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

टोपी आतून कोरडी केली, वायरी पुसल्या, पेट्रोलने भिजलेले प्लग काढून वाळवले. सदऱ्याची वाट लागली. मग चावी फिरवायला सांगितली. गाडी थोडी खोकली आणि सुरू झाली.

"पाणी होतं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "याने ओतलेलं. कुंकवाने गाडी बंद पडत नाही."

रुक्मिणीबाईंनी बोटं मोडली. "बघलास? ती आत गेली नि गाडी चालू झाली."

लोकांनी माना डोलावल्या. माझ्या हातातलं ओलं फडकं त्यांना दिसतच नव्हतं. मला तिथे उभं राहायचीही शिसारी आली.

तेवढ्यात सुगंधा बाहेर आली. हातात तीच वाटी.

"भावजी, बंद करा गाडी," ती म्हणाली.

"आता कशाला? चालू झालीय ना," बाळा म्हणाला.

"बंद करा."

त्याने बंद केली. तिने बॉनेटला हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले. सावकाश, घाई न करता. मग तिथून न हलता म्हणाली, "मारा सेल्फ."

बाळाने आईकडे पाहिलं, मग चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली.

मला वाटलं, आता तरी म्हातारी ओशाळेल. ती म्हणाली, "मिस्त्रीन पाणी पुसल्यान म्हणान."

मी थुंकायला वळलो. सुगंधा मात्र हसली. जयवंत गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. तिने खिडकीतून हात घातला, गाडी बंद केली आणि चावी काढून कमरेला खोचली.

"वहिनी, चावी द्या ना. सणाचं भाडं जाईल," बाळा म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"कुंडलिकभाऊ," ती म्हणाली, "तुमच्या ओळखीचा कोणी ड्रायव्हर आहे का? विधवेची गाडी चालवणारा?"