समेटाची बातमी
तहसील कार्यालयाबाहेर माझे टेबल आहे. अर्जलेखनात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, हे नम्रतेने नमूद करतो. एकदा एक वयस्क शेतकरी आले. दुपट्ट्याच्या गाठीतून त्यांनी वर्तमानपत्राचे कात्रण काढले आणि तळहाताने हळुवार सपाट केले. ‘तलावाच्या पाण्यावरून दोन गावांत हाणामारी’ असा ठळक मथळा होता, शेजारी मोठे छायाचित्र.

“मंग दोनी गावायनं मिळून तलावाची पाळ बांधली, पाळीवरच संगं जेवलो. तवा पेपरवाला काऊन नाही आला? हे वाचून सौंदडचे पाहुणे पोरीले पाहाले येत नाहीत.”

संपादकांस उद्देशून मी सवयीने लिहिले, ‘अर्जदाराची तक्रार अशी की...’

“तक्रार नाही ना बाप्पा! भांडन मिटलं, थे लिवा.”

माझी लेखणी थबकली. इतक्या वर्षांत टेबलावर भांडणेच आली होती. समेटाचा नमुना माझ्यापाशी नव्हता. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो.

आठवड्याने ते नवे कात्रण घेऊन आले आणि तेही तसेच सपाट केले. बातमी एसटीच्या तिकिटाएवढी होती.

“एवढीशीच छापली?” मी म्हणालो.

“पाहुण्यायले चष्मा आहे,” ते हसले. “सौंदडलेच जाऊन राहिलो.”