पायरीशी सोडलेले बूट

आमच्या कॉलेजात दरवर्षी क्रीडा पारितोषिकांत एक चषक पहिल्या वर्षाच्या सर्वोत्तम बास्केटबॉल खेळाडूसाठी असतो. यंदा तो वैशालीला मिळाला. नाव पुकारताच ती धावत आली आणि स्टेजच्या पायरीशी बसून बुटांच्या लांबलचक नाड्या सोडू लागली. वर पाहुणे चषक धरून ताटकळले.

"अगं, बूट घालूनच ये, हे काय देऊळ आहे?" निवेदन करणारे सर माइकवर म्हणाले. सगळं सभागृह हसलं.

"सर, तिथं दिवा लावलाय ना," असं म्हणून ती विरलेल्या मोज्यांनी वर गेली.

मीही हसले. शेजारच्या प्राध्यापकांना ऐकू जाईल इतकं मोठ्यानं हसले. माझ्याआधी आमच्या घरात कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. तालुक्याच्या शाळेत आम्ही वर्गाबाहेरच चपला काढायचो. या कॉलेजनं मला शिकवलं, पुढे इथंच शिकवायला घेतलं. ते उपकार मी विसरलेले नाही. पण मी इथलीच आहे हे दाखवायला मला अजून अशा एखाद्या मुलीला हसावं लागतं, हे त्या क्षणी कळलं आणि मान वर करवेना.

ती खाली उतरून पुन्हा पायरीवर बसली. पहिल्या रांगेत मीच जवळ होते.

"मॅडम, नाड्या बांधेपर्यंत जरा धरता?"

मी चषक दोन्ही हातांनी घेतला आणि सँडलमधले पाय हळूच खुर्चीखाली ओढले.