रायरांची खोटी एकादशी

ज्याच्या घरचं अन्न पोटात गेलं, त्याच्याशी त्या दिवशी पैशाचं बोलायचं नाही, असा रायरांचा नियम होता. तंजावरच्या आजीने घालून दिलेला. साध्या गृहस्थाने पाळला असता तर कौतुकच झालं असतं. पण रायर होते हॉकी संघाचे जनरल मॅनेजर, आणि पैशाचं बोलणं हाच त्यांचा धंदा. म्हणून खेळाडूंच्या एजंटांना भेटायला जाताना ते घरून खाऊन निघत, पुढे आलेली बशी बोटाने लांब सारत आणि "ॲसिडिटी" एवढंच म्हणत. इतकी ॲसिडिटी असलेला आणि इतका ठणठणीत माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

ही गोष्ट चेन्नईतली, आम्हा सगळ्यांच्या खिशात नुकते मोबाईल आले तेव्हाची. माझ्या नवऱ्याला तिथल्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी टी. नगरमधल्या एका साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, मालकांची सेक्रेटरी म्हणून चिकटले. मालकांना सगळे मुदलाळी म्हणत. तमिळमध्ये मालकाला मुदलाळीच म्हणतात. मी तेव्हा कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, खांद्याला पर्स लावून जिना चढणारी, स्वतःला फार हुशार समजणारी बाई होते. आता नातवंडं विचारतात, "आजी, तू ऑफिसात काय करायचीस?" मी सांगते, "स्ट्रॅटेजी." खरं म्हणजे मी पत्रं टाइप करायची आणि एसी कुणी बंद केला यावरून भांडायची.

त्याच सुमाराला शहराशहरांच्या हॉकी संघांची नवी लीग निघाली आणि मुदलाळींनी चेन्नईचा संघ घेतला. साडीवाल्याच्या हातात संघ आला, म्हणजे काय होणार? जर्सीला सोनेरी काठ आले. बसवर मुदलाळींचा हसरा फोटो आला. हॉलंडहून एक उंच खेळाडू आला. त्याला विमानतळावर नादस्वरम वाजवून आणलं, तेव्हा तो घाबरून पुन्हा आत जायला निघाला होता. खर्चाला मुदलाळींचा हात मोकळा, पण दिसणाऱ्या खर्चाला. खेळाडूंचे करार आले की त्यांच्यातला दुकानदार जागा व्हायचा. ही बोलणी ते मुद्दाम आडी महिन्यात लावत. आडीत तमिळ माणूस शुभकार्य काढत नाही, गिऱ्हाईक नसतं, म्हणून सगळी दुकानं सेल लावतात. मग खेळाडूंनी तरी भाव का उतरवू नये, असा त्यांचा हिशेब. एकदा त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "रायर सार्, दोन फॉरवर्ड घेतले तर तिसऱ्यावर काय सोडतील?"

"मुदलाळी," रायर म्हणाले, "साडी कपाटात घडी घालून ठेवता येते. पोरांना दोन वेळा भूक लागते."

रायर तंजावरी मराठी. मैलापुरात एका खोलीत एकटे राहत; बायको तंजावरला, घर आणि दोन म्हशी सांभाळत. पहिल्या दिवशी ते माझ्याशी मराठी बोलले आणि मला हसू आवरेना. शब्द आपले, पण जुन्या बखरीतून उठून आल्यासारखे, आणि वर तमिळचा हेल. मी, सांगलीची दीडशहाणी, त्यांना सुधारायला गेले. "अहो रायर, असं नाही म्हणत, तसं म्हणतात." त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सांगलीच्या बाई, आमची मराठी तुमच्या मराठीची थोरली बहीण. लवकर लग्न होऊन लांब दिली एवढंच. थोरलीला शिकवूं नये." त्यानंतर मी सुधारणं बंद केलं आणि हळूच तसं बोलायला शिकले. अजून माझी सून मधूनच विचारते, "आई, हा शब्द कुठला?"

हॉकीतलं मला काय कळत होतं? पहिल्या सामन्यात मी उठून टाळ्या वाजवल्या, तो गोल आमच्यावर झालेला होता. रायर शेजारीच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि समोरच्या प्रेक्षकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाईंचं मन मोठं." रागीट माणूस होता, पण राग असा गुळात घोळून काढायचा. केसांना मात्र कलप लावायचे, तोही स्वतः, आरशाशिवाय. सामना अटीतटीचा झाला की घाम यायचा आणि कपाळावरून एक काळा ओघळ निघायचा. राखीव खेळाडू गुणफलकाकडे बघतच नसत, रायरांच्या कपाळाकडे बघत. ओघळ भुवईपर्यंत आला की एकमेकांना कोपर मारत, "मुडिंजिदु." संपलं.

पोरं कुठकुठून आणलेली. कोविलपट्टीची, कुर्गची, पंजाबातली, ओडिशाच्या जंगलपट्टीतली. प्रत्येकाच्या करारात रायर एक कलम हटकून घालायला लावत: खेळताना दुखापत झाली तरी हंगामाचा पूर्ण पगार. मुदलाळी दर वेळी चिडत. "फाटलेल्या साडीचे पूर्ण पैसे कोण देतो?" रायर ऐकून घेत, पाणीसुद्धा न पिता बसून राहत, आणि संध्याकाळपर्यंत ते कलम टाइप करायला माझ्याकडे येई. सगळ्या पोरांचे करार झाले की शेवटी त्यांचा स्वतःचा. तेव्हा मुदलाळी काय करत? घरी जेवायला बोलावत. केळीचं पान, सांबार, दोन पायसं, वर तूप. रायर जेवत, विडा खात, आणि पुढे येईल त्या कागदावर सही करत. नियम आजीचा होता, पण फायदा दर वर्षी मुदलाळींचा.

मी एकदा न राहवून म्हटलं, "अहो, तुम्हाला कळत नाही का, ते मुद्दाम जेवू घालतात?"

"कळतं की," रायर म्हणाले. "पण सांबार मुद्दामचं नसतं. ते चांगलंच असतं."

मग तो आडी महिना आला. संघाचा पैसा वसूल होत नव्हता, टीव्हीवाले पुढच्या हंगामाबद्दल काही बोलत नव्हते आणि मुदलाळींना पेरुंगुडीच्या नव्या इमारतींशेजारी दुसरं दुकान काढायचं होतं. त्यांनी रायरांच्या करारात एक ओळ घालायला सांगितली: महिन्याची नोटीस देऊन मालक संघ केव्हाही बंद करू शकतात. रायरांना हवं होतं बरोबर उलटं, तीन हंगामांची लेखी हमी. स्वतःसाठी नव्हे. पोरांनी गावाकडच्या नोकऱ्या सोडल्या होत्या. कुणाच्या घरी कर्ज काढून पत्रे घातले होते. त्यात उत्तरेकडच्या एका संघाच्या मालकाने रायरांनाच मोठ्या पगारावर बोलावलं होतं. हातात हुकमाचं पान होतं. बोलणीच्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा कलप ताजा, शर्टाला इस्त्री. मला हळूच म्हणाले, "आज उपाशी आलोय. मुदलाळींना सांगितलंय, एकादशी आहे."

मुदलाळींच्या घरी दिवाणखान्यात बोलणी झाली. मी कागद घेऊन कोपऱ्यात. आणि काय सांगू, असे रायर मी पाहिले नव्हते. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. उत्तरेकडचं बोलावणं सहज पुढे टाकलं. हॉलंडच्या खेळाडूच्या हॉटेलबिलात आमची किती पोरं वर्षभर जेवली असती ते विचारलं. मुदलाळी कपाळ पुसू लागले. एक हंगाम, एक हंगाम म्हणत दोनवर आले. बंद करायची ओळ काढतो म्हणाले. मी पेनाचं टोपण काढलं सुद्धा.

तेवढ्यात आतून पाट्टी आल्या. पाट्टी म्हणजे मुदलाळींची आई. नव्वदीला टेकलेल्या, वाकलेल्या, घरात पंचांग त्यांच्या जिभेवर. "एकादशी म्हणून जेवत नाहीस म्हणे?" त्या रायरांना म्हणाल्या. "कुणी सांगितलं तुला? अरे, आज दशमी! एकादशी उद्या आहे!" आणि त्यांना इतका आनंद झाला की काय सांगू. पाहुणा उपाशी जाणार होता, तो आता जेवणार! मुदलाळींनी त्यांना पाठवलं होतं का? मी पुष्कळ विचार केला आहे. नसावं. पाट्टी पोस्टमनलाही जेवल्याशिवाय सोडत नसत. रायरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण पाट्टी थरथरत्या हाताने दहीभाताचं ताट घेऊन समोर उभ्या. आता ॲसिडिटी कुठून आणणार? नव्वदीच्या बाईच्या हातातलं ताट बोटाने कसं सारणार? ते खाली बसले आणि जेवले. पाट्टी समोर बसून बघत होत्या. रायरांनी लोणचं मागून घेतलं, तेव्हा पाट्टी हसल्या.

हात धुऊन आल्यावर रायर म्हणाले, "मुदलाळी, बाकीचं उद्या बोलू."

"उद्या मी सिंगापूरला," मुदलाळी म्हणाले. "लीगला नावं आज कळवायची. सही नाही, तर यंदा संघ नाही."

मी डोळ्यांनी खुणा केल्या. पायाने टेबल हलवलं. 'अहो, बोला की! एकच वाक्य! तुमची आजी वरून काही बघत नाही!' रायर माझ्याकडे बघून हसले, कसंनुसं. मग जुना कागद, ती ओळ असलेला, माझ्या हातातून घेतला आणि सही केली. यंदाचा तरी हंगाम पोरांना मिळावा म्हणून. जिना उतरताना मी फणकारले, "नियमासाठी कुणी एवढं घालवतं?" ते म्हणाले, "बाई, नियम सोपा असताना मी इतकी वर्षं पाळला. आज अवघड झाला म्हणून मोडला, तर इतकी वर्षं मी काय पाळत होतो?" मला तेव्हा हे उत्तर मूर्खपणाचं वाटलं. अजूनही दिवसाआड वाटतं.

हंगाम संपला आणि नोटीस आली. मीच टाइप केली. मग तो महिनाभर रायर आमच्या ऑफिसात माझ्या समोरच्या खुर्चीवर बसून फोन करत राहिले. रेल्वेचे संघ, बँकांचे, पोलिसांचे. कुणाला जुनी ओळख काढून, कुणाला लाजवून, कुणाला सरळ शिव्या घालून. एकेक पोरगं मार्गी लागत गेलं. शेवटी उरला कोविलपट्टीचा गोलकीपर, त्याचा गुडघा दुखावलेला. त्याला कुणी घेईना. एका दुपारी उत्तरेकडच्या त्या मालकाचा फोन आला; रायरांना अजून यायचंय का, विचारत होते. रायर रिसीव्हरमध्ये ओरडले, "मला घेऊन काय करणार? मी गोल अडवतो काय? त्या पैशात माझा गोलकीपर घ्या. गुडघा बरा होतो, म्हातारपण होत नाही!" समोरचा हसला असावा. हसता हसता हो म्हणाला. फोन ठेवल्यावर रायरांनी डोळे मिटून पाणी मागितलं. मी दिलं. ऑफिसचं पाणी होतं, तरी प्यायले. आता कुणाशी काही बोलायचं उरलं नव्हतं.

काही वर्षांनी ते तंजावरला गेले, झोपेतच. मला फार उशिरा कळलं. पण माझ्यापुरते ते त्याआधीच गेले होते, एग्मोर स्टेशनवरून, सकाळच्या गाडीने.

मी निरोपाचं एक भाषण पाठ करून गेले होते, आणि तोंडातून निघालं, "तिकीट घेतलंय ना?" एक ट्रंक, एक वळकटी आणि गुंडाळलेल्या कापडात एक हॉकी स्टिक. प्लॅटफॉर्मवर आमच्याशिवाय ओळखीचं कुणी नव्हतं. मी पुलाच्या जिन्याकडे बघत होते. एवढी पोरं, एकालाही यावंसं वाटलं नाही? माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं.

"कुणी येणार नाही, बाई," रायर म्हणाले. "सगळ्यांना नव्या ठिकाणी आजच हजर व्हायचंय. एखादा उरला असता, तर आला असता. कुणी उरलं नाही, बघा!"

केवढ्या अभिमानाने म्हणाले. गाडी हलली. मी खिडकीबरोबर चार पावलं चालले, हात हलवला. रायरांनीही हलवला. पण त्यांची नजर माझ्यावर नव्हती. प्लॅटफॉर्म संपेपर्यंत ते माझ्या डोक्यावरून मागे, जिन्याकडे बघत होते.